आधी सम शोधा: जॉन मॅकलॉफ्लिन ऐकायला सुरुवात कुठून करावी

चार वर्षं गिटार शिकणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. लहानपणी त्याने तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकसारख्या इतर संगीताचा मिलाफ, ऐकायचं तर इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनपासून, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने त्यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा १९७१चा पहिला अल्बम, 'द इनर माउंटिंग फ्लेम', लावला आणि दहाव्या मिनिटाला बंद केला. तो लिहितो, "सगळं इतकं जोरात आणि इतकं वेगात आहे की हातात काहीच लागत नाही. मी कमी पडतोय की हे संगीतच असं आहे? कुठल्या रेकॉर्डपासून सुरुवात करू? अ‍ॅपवर निम्मा वेग करून सोलो उतरवून काढू का? आणि त्यांच्यासारखा खोदलेला फ्रेटबोर्ड करून घेऊ का?"

मी ठाण्यात गेली बावीस वर्षं गिटार शिकवते. हा प्रश्न दर वर्षी एक-दोन विद्यार्थी विचारतातच, म्हणून जरा निवांत लिहिते.

तुम्ही कमी पडत नाही आहात. तुमची अडचण वेगाची आहे असंही मला वाटत नाही. झाकीरभाईंचा द्रुत तीनताल ऐकताना तुम्हाला "हातात काही लागत नाही" असं होतं का? नाही होत, कारण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते तुम्हाला माहीत असतं. मधल्या सोळा मात्रांत कितीही बोल पडले तरी तुम्ही समेवर उभे राहून ते मोजत असता. 'इनर माउंटिंग फ्लेम' लावताना मात्र तुम्ही गिटार शिकणारे म्हणून ऐकायला बसलात, कान गिटारला चिकटवलात आणि गिटार तुम्हाला फरफटत घेऊन गेलं. सम सापडण्याआधी सोलोमागे धावलं की हे संगीत गोंगाटच वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

मी तेव्हा कॉलेजात होते. कॅसेट एका मित्राची, प्लेअर घरचा जुना. त्या अल्बममधलं 'द डान्स ऑफ माया' मी आठवडाभर लावत होते आणि चार-चारात मोजून दर वेळी हरवत होते. बाबा भजनाला पखवाज वाजवायचे. इंग्रजी गाणी त्यांनी कधी मुद्दाम ऐकली नाहीत. एका संध्याकाळी ते पलीकडे चहा घेत बसले होते. कप खाली ठेवून उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला लागले. तीन-चार आवर्तनं गेली असतील. म्हणाले, "दहाचं आहे गं हे. तू त्या गिटारवाल्याकडे बघू नकोस, ताशावाल्याकडे बघ." ताशावाले म्हणजे ड्रमर बिली कोबहॅम. त्या दिवसापासून मी महाविष्णूचं काहीही ऐकताना आधी कोबहॅमकडे आणि रिक लेअर्ड यांच्या बेसकडे जाते. विद्यार्थ्यांनाही तेच सांगते.

तुम्ही 'द डान्स ऑफ माया' लावाल तेव्हा एवढं करा. सुरुवातीला सुट्या तारांचा जो आकृतिबंध पुन्हा पुन्हा येतो, तो दहाचा आहे. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असे खंड त्यावर बसवायला जाऊ नका, ते बसणार नाहीत. वर्तुळ दहाचं आहे एवढंच धरा. पुढे सगळं थांबल्यासारखं होतं आणि ब्लूजच्या अंगाची डुलती चाल सुरू होते. ती वीसची आहे. शेवटाकडे सुरुवातीचा दहाचा आकृतिबंध त्या वीसच्या डोक्यावर अलगद येऊन बसतो, आणि दहाची दोन आवर्तनं वीसच्या एका आवर्तनात, असा हिशेब जुळतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी टाळी दिली होती, एकटीच, खोलीत. तबला शिकलेल्या माणसाला हा आनंद नुसत्या गिटारवाल्यापेक्षा लवकर मिळतो. तुमच्या त्या दोन परीक्षा इथे मोठं भांडवल आहेत.

सुरुवात कुठून करायची हे मात्र ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. सगळ्यांना लागू पडेल असा एकच क्रम मी देत नाही. रॉकमधून आलेल्या मुलाला मी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'अ ट्रिब्यूट टू जॅक जॉन्सन' देते, त्यात मॅकलॉफ्लिन यांचं गिटार आहे. सरळ जॅझ ऐकणाऱ्याला 'एक्स्ट्रापोलेशन', म्हणजे मॅकलॉफ्लिन यांनी न्यूयॉर्कला जाण्याआधी जानेवारी १९६९मध्ये लंडनला केलेलं ध्वनिमुद्रण. जॉन सर्मन यांचा सॅक्सोफोन, टोनी ऑक्सली यांचे ड्रम्स, आणि मॅकलॉफ्लिन यांचं अजून कसलाही साज न चढवलेलं, स्वच्छ, लवचीक गिटार. तुम्ही तालाच्या बाजूने येत आहात, म्हणून तुम्हाला मी तिसऱ्याच दारातून नेईन. ते दार म्हणजे 'लोटस फीट'.

ही छोटी, संथ रचना मॅकलॉफ्लिन यांनी अनेकदा ध्वनिमुद्रित केली. तीन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवा. पहिलं 'शक्ती विथ जॉन मॅकलॉफ्लिन' या अल्बममधलं; शक्ती हा त्यांचा भारतीय वादकांबरोबरचा गट. ही मैफल ५ जुलै १९७५ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात झाली. झाकीर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर, रामनाड राघवन मृदंगमवर. दुसरं 'इनर वर्ल्ड्स' या १९७६च्या महाविष्णू अल्बममधलं, विजेवरच्या वाद्यांचं. तिसरं १९९९ला आलेल्या 'रिमेंबर शक्ती'मधलं. ती १९९७ची इंग्लंडमधली मैफल आहे आणि तिथे हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. चाल तीच. वाद्यं बदलली की चालीचं वजन कसं बदलतं, ते तुमच्या कानाला आपोआप कळेल. विजेच्या ध्वनिमुद्रणात सूर लांब टिकतो, म्हणून चाल पाण्यावर तरंगल्यासारखी वाटते. लाकडी गिटारवर सूर लवकर विरतो, म्हणून तिथे मॅकलॉफ्लिन सुराची सुरुवात अधिक जपून करतात. मी विद्यार्थ्यांना ही चाल आधी गायला लावते, मग वाजवायला. इथे वेग नाहीच, त्यामुळे वेगाची सबबही उरत नाही.

मग 'इनर माउंटिंग फ्लेम'कडे परत या, पण पहिल्या गाण्यापासून नाही. 'यू नो, यू नो' लावा. गिटारचा एक मंद, विचारात पडल्यासारखा आकृतिबंध घड्याळासारखा फिरत राहतो आणि कोबहॅम त्याच्या फटींमध्ये बोलतात. आपल्याकडे नगमा किंवा लेहरा, म्हणजे एकच धून पुन्हा पुन्हा, धरला जातो आणि तबलजी वाजवतो, अगदी तशी रचना आहे ही. लेहरा ऐकत मोठ्या झालेल्या कानाला ती समजावून सांगावी लागत नाही. मग 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' ऐका. त्यात ड्रम्स नाहीतच. गिटार, जेरी गुडमन यांचं व्हायोलिन आणि यान हॅमर यांचा पियानो एवढंच. ज्या अल्बमला तुम्ही गोंगाट म्हणून बंद केलंत, त्यातच हे आहे. त्यानंतर 'डान्स ऑफ माया', आणि सगळ्यात शेवटी 'मीटिंग ऑफ द स्पिरिट्स', ज्याने तुम्हाला घाबरवलं ते. १९७३च्या 'बर्ड्स ऑफ फायर'चं शीर्षकगीत अठराच्या आवर्तनात आहे. ते मोजून झालं की मला कळवा. मला खरंच आनंद होईल.

इथे एक व्यवहाराची गोष्ट, कारण निम्म्या तक्रारी यातूनच येतात. हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या छोट्या स्पीकरमधून बेसचे खालचे सूर बाहेरच पडत नाहीत. रिक लेअर्ड यांचा बेस हा या सगळ्या वादळातला खांब आहे. बाकीचे चौघे आवर्तनाच्या आत-बाहेर करत असताना तो जागेवर असतो. बेस ऐकू आला नाही की खांब गेला, आणि मग तुम्ही सम शोधणार कशावर? फार महाग नको, साधे वायरचे हेडफोन पुरतात. माझी एक विद्यार्थिनी महिनाभर "मला सात मोजता येत नाहीत" म्हणून रडकुंडीला आली होती. हेडफोन लावले आणि दहा मिनिटांत मोजायला लागली.

याच्या उलटही होतं. मॅकलॉफ्लिन ज्यात वाजवत त्या टोनी विल्यम्स लाइफटाइम या बँडचा 'इमर्जन्सी!', १९६९चा, लावल्यावर आवाज फाटल्यासारखा येईल. तुमचे हेडफोन बिघडलेले नाहीत. ते ध्वनिमुद्रणच तसं आहे. टोनी विल्यम्स यांचे ड्रम्स आणि लॅरी यंग यांचा ऑर्गन इतके पेटलेले आहेत की त्या फाटलेल्या आवाजाची सवय करून घ्यावी लागते. पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला गेला नाहीत तरी चालेल.

आता सोलो उतरवण्याचा प्रश्न. अ‍ॅपवर निम्मा वेग करायला माझा विरोध नाही, मीही करते. विरोध त्याने सुरुवात करण्याला आहे. निम्म्या वेगात सूर कळतात, पण वाक्य कळत नाही. मॅकलॉफ्लिन यांच्या जलद तानांमध्ये जवळजवळ प्रत्येक सुराला पिकचा वेगळा आघात असतो, खाली-वर, खाली-वर. कान तिथेच अडकतो, आणि मुलं उजवा हात दगडासारखा कडक करून तेवढीच नक्कल करतात. पण ते आघात गटांत बांधलेले असतात. पाच, सात, तीन-तीन-चार, असे. मॅकलॉफ्लिन कर्नाटक पद्धतीची वीणा शिकले, अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे, आणि कोन्नक्कोल, म्हणजे तोंडाने ताल बोलण्याची दक्षिणेतली कला, त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. २००७मध्ये कंजिरावादक सेल्वागणेश यांच्याबरोबर त्यांनी कोन्नक्कोल शिकवणारी एक डीव्हीडीही काढली. म्हणून त्यांची तान उतरवायची तर आधी बोलून बघा. तीनाला "तकिट", चाराला "तकधिमि", पाचाला "तदिगिणतोम". सात हवेत तर "तकिट तकधिमि". तुमच्या तबल्याच्या बोलांनी केलंत तरी चालेल. हाताने समेवर टाळी, तोंडाने बोल. जे तोंडातून निघतं ते हातातून निघतं, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. ज्यांच्या तोंडून तान निघत नाही, त्यांच्या हातातून ती कधी नीट निघालेली मी पाहिली नाही.

मेट्रोनोम वापरत असाल तर दर मात्रेला टिकटिक ठेवू नका. दहाच्या आवर्तनात एकदाच, फक्त समेवर टिक येऊ द्या. मधल्या नऊ मात्रा तुमच्या तुम्ही सांभाळायच्या. पहिल्या आठवड्यात राग येईल, तिसऱ्या आठवड्यात हात मोकळा होईल.

इथवर आलात की १९७५च्या त्याच शक्तीच्या अल्बममधलं 'जॉय' लावा. अठरा मिनिटांहून मोठं आहे. गिटार आणि व्हायोलिन एकाच तानेत असे धावतात की दोन वाद्यं वेगळी काढणं कठीण जावं. इथे वेग प्रचंड आहे, पण आता तुम्ही समेवर उभे असाल. त्यांच्या सवाल-जवाबात तुकडे कसे निम्मे-निम्मे होत जातात, तेही मोजता येईल. पुढच्या 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी'मधलं 'ला दाँस द्यू बोनर' तर कोन्नक्कोलनेच सुरू होतं. आधी बोललेलं, मग वाजवलेलं, असा धडाच आहे तो.

वेगाबद्दल एक वाद मला मुलांशी नेहमी घालावा लागतो. आपल्याकडे बहुतेक गिटारवाले 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'वरून मॅकलॉफ्लिनपर्यंत पोहोचतात. ५ डिसेंबर १९८०, वॉरफिल्ड थिएटर, तीन गिटारवादक: पाको दे लुसिया, अल दि मेओला आणि मॅकलॉफ्लिन. श्रोत्यांच्या किंकाळ्यांसकट ती रात्र अजून अंगावर येते. पण ती पहिली शाळा करू नका. तिथे तिघेही एकमेकांना पेटवत होते, आणि त्यातून शिकणारा फक्त पेटणं उचलतो. शिवाय त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या 'मेडिटरेनियन सनडान्स'मध्ये मॅकलॉफ्लिन नाहीतच, ती पाको आणि दि मेओला यांची जुगलबंदी आहे. कितीतरी मुलांनी मला त्यातली तान "मॅकलॉफ्लिनची" म्हणून वाजवून दाखवली आहे. ऐकायचंच असेल तर हेडफोन लावून ऐका, डाव्या कानात पाको, उजव्यात दि मेओला. कोण काय म्हणतंय ते स्पष्ट कळेल.

वेगाच्या उलट टोकाचं एक ध्वनिमुद्रण मी सगळ्यांना ऐकवते. १८ फेब्रुवारी १९६९. मॅकलॉफ्लिन न्यूयॉर्कला येऊन फार दिवस झालेले नव्हते, आणि माइल्स डेव्हिस यांनी त्यांना स्टुडिओत बोलावलं. जो झाविनुल यांची 'इन अ सायलेंट वे' ही रचना होती. माइल्सनी तिच्यातल्या बहुतेक कॉर्ड काढून टाकल्या आणि मॅकलॉफ्लिनना सांगितलं की गिटार येतच नसल्यासारखी वाजव. हा प्रसंग मॅकलॉफ्लिन यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. खाली एकच स्वर धरलेला आणि त्यावर गिटार चाचपडत, सुट्या तारांवरून, चाल उलगडतं. ताल नाही. तानपुऱ्यावर कुणी पहिला षड्ज लावावा आणि हळूच पुढचा स्वर शोधावा, तशी ती पहिली दोन मिनिटं आहेत. ज्या माणसाच्या बोटांत पुढे इतका वेग दिसला, त्याने तिथे प्रत्येक सूर जणू विचारून वाजवला आहे. तुम्ही फ्यूजनच्या वाटेला लागताय, तर रोज झोपण्याआधी ही दोन मिनिटं ऐका.

'जॅक जॉन्सन'चा उल्लेख वर केला, तर तेही थोडं सांगते. त्यातलं 'राइट ऑफ' ७ एप्रिल १९७०ला ध्वनिमुद्रित झालं. मॅकलॉफ्लिन यांनी सहज एक शफल, म्हणजे ब्लूजची डुलती लय, सुरू केली, मायकेल हेंडरसन यांनी बेस धरला, कोबहॅम आले आणि टेप फिरत होती. सव्वादोन मिनिटांच्या आसपास मॅकलॉफ्लिन आवाज खाली आणतात आणि ई या पट्टीवरून बी फ्लॅटवर सरकतात. बेस अजून ईलाच बसलेला असतो. त्या ओढाताणीत माइल्सचं ट्रम्पेट शिरतं. इतर कुणी थांबवून पुन्हा सुरू केलं असतं. इथे ती विसंगतीच दार झाली. सोबतीला वाजवणाऱ्याने काय करावं हे शिकायला मला याहून चांगला नमुना माहीत नाही. सोलो नाही, दिखावा नाही, नुसत्या कॉर्डचे फटकारे. पुरं सत्तावीस मिनिटांचं गाणं तेवढ्यावर उभं आहे.

आपल्या मुंबईतही त्यांचं मोठं काम आहे. डिसेंबर २०००मध्ये रिमेंबर शक्ती या गटाच्या मैफली इथे झाल्या आणि 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' हा अल्बम निघाला. यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन, सेल्वागणेश यांची कंजिरा, झाकीरभाई, शंकर महादेवन, आणि 'शृंगार'मध्ये शिवकुमार शर्मांचा संतूर. 'शृंगार' लांब आहे आणि मुलं ते पुढे ढकलतात, तसं करू नका. संतूरवर सूर खेचता येत नाही, आघातानेच सगळं करायचं असतं. मॅकलॉफ्लिन त्याच्याशी बोलताना गिटारची मींड कशी आखडती घेतात ते ऐका. समोरच्याच्या वाद्याला जे जमत नाही ते आपणही मिरवायचं नाही, ही त्यांची रीत मला फार भावते. त्याआधी १९८९ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांच्याबरोबर होते ते त्रिलोक गुर्टू, शोभा गुर्टूंचे चिरंजीव. बेसवर काई एकहार्ट. फक्त तिघे असल्यामुळे कान लावायला ती मैफल सोपी जाते.

म्हणजे तुमच्यापुरतं बघायचं तर पुढचे दोन महिने 'लोटस फीट' तिन्ही रूपांत, मग 'यू नो, यू नो', मग दहाचं आवर्तन पेरांवर, मग 'जॉय'. सोलो उतरवणं त्यानंतर, आणि तेही आधी तोंडाने.

आता खोदलेल्या फ्रेटबोर्डबद्दल. शक्तीच्या काळात अब्राहम वेक्टर या कारागिराने त्यांच्यासाठी जे गिटार केलं, त्यात दोन फ्रेट्समधलं, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं, लाकूड वाटीसारखं कोरलेलं होतं, म्हणजे बोट तारेखाली जाऊन सूर खेचता यावा. शिवाय पोकळीवरून तिरक्या बसवलेल्या सात जादा तारा होत्या, त्या ते मधूनच सतारीच्या चिकारीसारख्या छेडत. दिसायला मोह पडतो. पण तुमचं एकच गिटार आहे, आणि कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. बोट जरा जोरात दाबलं तरी कोरलेल्या फ्रेटबोर्डवर सूर चढतो. चार वर्षांच्या हाताला हा दाब अजून सांभाळता येत नाही, कॉर्ड वाजवायला गेलात की सगळं बेसूर.

त्याऐवजी हे करा. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर षड्ज डीला ठेवा. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला बोट ठेवलंत की तोच सा मिळेल. आता ती तार हळूहळू खेचून रे पर्यंत न्या आणि तिथे पाच सेकंद थांबा. शुद्ध रे नवव्या फ्रेटवर आहे, वाजवून पडताळून घ्या. मग खेचलेली तार तितक्याच सावकाश सा वर परत आणा. जाताना सगळेच पोहोचतात, परतताना तानपुऱ्याशी जुळत नाही. रोज वीस वेळा, पहिली दोन मिनिटं डोळे मिटून. सहा महिन्यांनी परतीचा सा वीसपैकी अठरा वेळा जुळायला लागला, तर एखादं जुनं, स्वस्त गिटार घ्या आणि चांगल्या कारागिराकडून फक्त वरच्या चार-पाच फ्रेट्समधलं लाकूड कोरून घ्या. मीही तसंच केलं होतं, आणि माझं पहिलं गिटार अजून जसंच्या तसं आहे.